रँग्लर परांजपे: केंब्रिजमध्ये पहिले आले आणि पुण्यात ७५ रुपयांवर कॉलेजला गणित शिकवायला उभे राहिले

रँग्लर म्हटलं की आपल्या पिढीला एक तर जीन्स आठवते, नाही तर जीप. आपल्या पणजोबांच्या पिढीला मात्र या शब्दावर एकच माणूस आठवायचा. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे.

केंब्रिज विद्यापीठात गणिताची एक परीक्षा असते, तिला ट्रायपॉस म्हणतात. त्यात पहिल्या वर्गात आलेला तो रँग्लर आणि सगळ्यांत पहिला आलेला तो सिनियर रँग्लर. नेटवर या सिनियर रँग्लरांची वर्षवार यादी सहज मिळते. १८४१ ला स्टोक्स आहे, तोच तो स्टोक्स थिअरमवाला, ज्याने सेकंड इयरला आपल्याला रडवलं. १८४३ ला अ‍ॅडम्स आहे, ज्याने नेपच्यून न बघता नुसतं कागदावर गणित मांडून तो कुठे असेल ते काढलं होतं. १८६५ ला रॅली आहे, ज्याला पुढे फिजिक्सचं नोबेल मिळालं. असं करत खाली १८९९ वर या. तिथे दोन नावं दिसतील, कारण त्या वर्षी दोघांचा पहिला नंबर आला. एक जॉर्ज बर्टविसल. दुसरं नाव कोकणातल्या दापोलीजवळच्या मुर्डी गावचं.

या यादीतले बरेच लोक पुढे मोठे शास्त्रज्ञ झाले. आपला माणूस मात्र पुण्याला परत आला आणि फर्ग्युसन कॉलेजात बी.ए.च्या पोरांना गणित शिकवू लागला. पगार महिना ७५ रुपये. हे त्यांनी का केलं, आणि त्यातून काय मिळालं नि काय गेलं, ही आजची गोष्ट.

आता तुम्ही म्हणाल, टेक वेबसाइटवर ही शंभर-सव्वाशे वर्षं जुनी गोष्ट कशाला? तर नागपुरातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोट्ट्याला विचारा, सगळ्यांत जास्त बॅकलॉग कशाचे राहतात. उत्तर बहुतेक वेळा एम-वन, एम-टू हेच येईल. पहिल्या वर्षाचं गणित. डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, इंटिग्रेशन. तुमच्या फोनमधला फोटो सुधारणारा फिल्टर असो की चॅटबॉट, आतमध्ये मॅट्रिक्सचे गुणाकार आणि डेरिव्हेटिव्हच चालू असतात. मॉडेलला 'शिकवतात' म्हणजे चूक कुठल्या दिशेला कमी होते ते डेरिव्हेटिव्हने बघायचं, त्या दिशेला एक छोटं पाऊल टाकायचं, आणि हे लाखो वेळा करायचं. इतका महत्त्वाचा विषय, आणि अनेक कॉलेजांत तो शिकवायला कोण येतं? जो सगळ्यांत नवीन लागला तो, किंवा तासावर बोलावलेला. माझ्या कॉलेजात एका सेमिस्टरला एम-टूचे तीन सर बदलले. तिघांनीही वहीत उतरवून घ्या म्हणून सांगितलं आणि 'इम्पॉर्टंट' प्रश्नांवर खुणा करून दिल्या. म्हणून परांजप्यांची गोष्ट मला इंटरेस्टिंग वाटते. तिथे बरोबर उलटं झालं होतं.

कर्व्यांचं घर

परांजप्यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ चा. मुर्डी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातलं एक लहानसं खेडं. या भागातून शिकायला बाहेर पडणं म्हणजे काय होतं, हे त्यांच्या नात्यातल्याच एका मुलाच्या किश्श्यावरून कळतं. तो मुलगा शेजारच्या मुरूडचा, परांजप्यांपेक्षा अठरा वर्षांनी मोठा. त्याला एका सरकारी परीक्षेला बसायचं होतं आणि केंद्र होतं साताऱ्याला. तेव्हा तो मित्रांबरोबर चालत निघाला. सह्याद्रीचा घाट चढून, शंभराहून जास्त मैल, चार दिवस. पोचल्यावर तिथल्या साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि हा वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. आपलं हॉल तिकीट डाउनलोड झालं नाही तर आपण दिवसभर चिडचिड करतो.

तो मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. हो, तेच महर्षी कर्वे, १९५८ चे भारतरत्न. आपण त्यांना स्त्रीशिक्षणासाठी ओळखतो, पण पेशाने ते गणिताचे शिक्षक. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ ला गणित घेऊन बी.ए. झाले, मुंबईत शाळांमध्ये आणि शिकवण्यांवर गणित शिकवून घर चालवत होते. त्याच घरात त्यांनी लहान रघुनाथाला शिकायला ठेवून घेतलं. कर्व्यांनी आपल्याला घडवलं हे परांजप्यांनी पुढे आयुष्यभर मानलं.

आता फर्ग्युसनकडे या, कारण पुढची सगळी गोष्ट तिथेच घडते. हे कॉलेज १८८५ ला सुरू झालं. चालवत होती डेक्कन एज्युकेशन सोसायटी. तिचा नियम वेगळा होता. कॉलेजचे मालक कोणी शेठजी नाहीत, सरकारही नाही. शिक्षकच आजीव सदस्य व्हायचे, वीस वर्षं शिकवायचं वचन द्यायचे, महिन्याला ७५ रुपये घ्यायचे आणि तेच कॉलेज चालवायचे. आजच्या भाषेत फाउंडरच कर्मचारी, आणि वीस वर्षांचा बाँड, तोही स्वतःहून घातलेला.

या फाउंडरांमध्ये गणिताला कोण होतं? बाळ गंगाधर टिळक. टिळक गणिताचे पदवीधर होते, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, आणि फळ्यावर सगळ्या पायऱ्या लिहीत बसायला त्यांना कंटाळा यायचा, अशी त्यांच्या तासाची आठवण नेहमी सांगितली जाते. १८९० ला सहकाऱ्यांशी बिनसलं आणि टिळक बाहेर पडले. मग गोपाळ कृष्ण गोखल्यांनी आपल्या एल्फिन्स्टनमधल्या जुन्या मित्राला, म्हणजे कर्व्यांना बोलावून घेतलं. गोखले स्वतःही गणित शिकवायचे, त्यांनी तयार केलेलं अंकगणिताचं पुस्तक शाळांत खूप चाललं. १८९१ ला कर्वे पुण्याला आले आणि पुढे १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत राहिले. हिंगण्याचा आश्रम, तिथपर्यंतची पायपीट, वर्गणी गोळा करणं, हे सगळं कॉलेजातलं गणित सांभाळून.

परांजपे याच कॉलेजचे विद्यार्थी. म्हणजे ज्याने घरी वाढवलं तोच वर्गातही गणिताला होता. मुलगा इतका हुशार निघाला की सोसायटीला त्याच्यात पुढचा गणिताचा प्राध्यापक आणि प्राचार्य दिसू लागला. १८९६ ला त्याला भारत सरकारची स्कॉलरशिप मिळाली आणि तो केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला. जाण्याआधी परत येऊन फर्ग्युसनमध्ये शिकवायचं ठरलेलं होतं.

ट्रायपॉस: तेव्हाची जेईई

ही परीक्षा नीट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यात आपली कोटा-नागपूर स्टाइल सगळी दिसते. आधी शब्द. इंग्रजीत रँगल म्हणजे वाद घालणं. जुन्या काळी ही परीक्षा तोंडी वादविवादाची होती, म्हणून चांगला वाद घालणारा तो रँग्लर. पुढे लेखी झाली, नाव मात्र राहिलं.

दिवसांमागून दिवस पेपर चालायचे. प्रश्न इतके की सगळे सोडवणं शक्यच नाही, म्हणून वेग महत्त्वाचा. कॅल्क्युलस, भूमिती, गतिशास्त्र, प्रकाशशास्त्र, ग्रहांच्या कक्षा, सगळं यायचं. निकाल नोटीस बोर्डावर लावून मोकळे व्हायचे नाहीत. सिनेट हाउस नावाच्या इमारतीत गॅलरीतून एकेक नाव क्रमाने मोठ्याने वाचायचे. खाली गर्दी. पहिल्या नावाला आरडाओरडा. आणि ऑनर्समध्ये जो सगळ्यांत शेवटचा यायचा, त्याच्यासाठी वरून दोरीने एक भलामोठा लाकडी चमचा सोडायचे. आपल्याकडे असं केलं तर पालक कोर्टात जातील.

आणि कोचिंग क्लास? होते ना. विद्यापीठाची लेक्चर्स कोणी फारशी मनावर घ्यायचं नाही. पोरं खासगी कोचकडे जायची. राउथ नावाचा एक कोच होता, त्याच्या हाताखालून दोन डझनांहून जास्त सिनियर रँग्लर निघाले. जुने पेपर, ठरावीक युक्त्या, घड्याळ लावून सराव. जी. एच. हार्डी नावाचा एक पोरगा परांजप्यांच्या एक वर्ष आधी, १८९८ ला, चौथा आला होता. तो पुढे विसाव्या शतकातला मोठा गणितज्ञ झाला आणि या परीक्षेचा कट्टर विरोधक. त्याचं म्हणणं सोपं होतं: ही परीक्षा गणित नाही, गणिताच्या कसरती शिकवते. शेवटी १९०९ नंतर ही क्रमवारी बंदच करून टाकली. रँग्लर ही पदवी आजही आहे, पण पहिला-दुसरा असं जाहीर करत नाहीत.

तर या शर्यतीत १८९९ ला परांजपे पहिले आले. भारतीय रँग्लर त्यांच्याआधी झाले होते, आनंदमोहन बोस १८७४ लाच झाले होते. पण सिनियर रँग्लर कोणी झालं नव्हतं. ही बातमी तेव्हा किती मोठी असेल याचा अंदाज करा. हिंदी माणसाला डोकं कमी असतं, मोठ्या जागा त्याला झेपायच्या नाहीत, असं राज्यकर्ते सरळ बोलायचे. आणि त्यांच्याच घरच्या मैदानावर, त्यांच्याच सगळ्यांत प्रतिष्ठेच्या परीक्षेत, कोकणातला पोरगा पहिला. रँग्लर हा शब्द तेव्हापासून परांजप्यांच्या नावाला जो चिकटला तो कायमचा. पुढे ते मंत्री झाले, सर झाले, तरी मराठी माणसासाठी रँग्लरच राहिले.

परत

सेंट जॉन्स कॉलेजने त्यांना फेलो केलं. केंब्रिजमध्ये राहून गणित करत बसायचा रस्ता मोकळा होता. सरकारी शिक्षणखात्यात मोठ्या पगाराची जागाही अशा माणसाला कठीण नव्हती. त्यांनी ठरलेला शब्द पाळला आणि १९०२ ला ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. वय सव्वीस. माझ्या वयाचे लोक तेव्हा नोटीस पिरियड आणि जॉइनिंग बोनसच्या चर्चेत असतात, मीही असतो.

प्राचार्य होणं म्हणजे केबिनमध्ये बसणं नव्हतं. कॉलेज लहान, शिक्षक मोजके, प्राचार्याने वर्गावर जायचंच. त्रिकोणमिती, शांकव, कॅल्क्युलस, स्थितिकी आणि गतिकी, असं पदवीचं गणित. हे सगळं आजच्या अकरावी-बारावीपासून एम-टूपर्यंत पसरलेलं आहे. ज्याने हे विषय जगातल्या सगळ्यांत कठीण पेपरात सोडवले होते, तो ते पुण्याच्या पोरांना पहिल्यापासून सांगत होता.

आणि कॉलेजबाहेरही एक काम होतं, ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. १९०७ ला मद्रासकडच्या व्ही. रामस्वामी अय्यर यांनी गणितवाल्यांची एक संघटना काढली. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. अडचण एकच होती: गणिताची परदेशी जर्नल्स महाग आणि एकट्या माणसाला न परवडणारी. उपाय काय, तर सगळ्यांनी वर्गणी काढायची, जर्नल्स एका ठिकाणी मागवायची आणि तिथून सदस्यांना पोस्टाने फिरवायची. एकाचं वाचून झालं की पुढच्याला. एक कॉमन सर्व्हर आणि त्याच्यावरून सगळ्यांना डाउनलोड, फक्त इंटरनेटऐवजी पोस्टमन. हा सर्व्हर, म्हणजे ते ग्रंथालय, ठेवलं होतं फर्ग्युसन कॉलेजात. देशात कुठेही गणित करणाऱ्या माणसासाठी पुणे हा महत्त्वाचा पत्ता झाला.

तुलनेला आपलं नागपूर घ्या. हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून होतं, पण नागपूर विद्यापीठ झालं ४ ऑगस्ट १९२३ ला. तोपर्यंत इथल्या पोट्ट्यांची परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठ घ्यायचं, मग अलाहाबाद. शिकायचं सीताबर्डीच्या आसपास आणि पेपर काढणार हजार किलोमीटरवरचा माणूस.

पण मग थिअरम कुठे आहे?

आता अवघड भाग. परांजप्यांच्या नावावर गणिताचा एकही मोठा शोध नाही. परांजपे थिअरम, परांजपे फॉर्म्युला असं काही तुम्हाला कुठे सापडणार नाही.

त्यांच्याबरोबर पहिला आलेला बर्टविसल केंब्रिजमध्येच राहिला. त्याने १९२८ ला 'न्यू क्वांटम मेकॅनिक्स' नावाचं पुस्तक लिहिलं. हायझेनबर्ग आणि श्रोडिंजरचं काम होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती, आणि हा माणूस ते इंग्रजीत नीट समजावून सांगत होता. दुसरीकडे, परीक्षांचं आणि परांजप्यांचं जितकं जमलं तितकंच रामानुजनचं आणि परीक्षांचं बिनसलं. गणित सोडून बाकी विषयांत नापास होत होत त्याची कॉलेजची स्कॉलरशिप गेली, पदवी मिळाली नाही. त्याचा पहिला पेपर १९११ ला छापला तो याच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये. १९१३ ला त्याने केंब्रिजला पत्र पाठवलं ते त्याच हार्डीला. परीक्षेत सगळ्यांत पहिला आलेला भारतीय आणि परीक्षेत नापास झालेला भारतीय, यातल्या दुसऱ्याने गणित बदललं.

म्हणून परांजपे वाया गेले, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, पण उडवूनही लावता येत नाही. आधी एक गोष्ट बघा: १९०२ मध्ये भारतात परत येणाऱ्या गणितज्ञाला संशोधनाची नोकरी होती कुठे? मुंबई विद्यापीठ १८५७ चं, पण तेव्हा त्याचं काम परीक्षा घेणं आणि पदव्या वाटणं एवढंच. शिकवायची ती कॉलेजं. विद्यापीठांनी स्वतः शिकवावं, संशोधन करावं, हा विचार कायद्यात आला १९०४ ला आणि प्रत्यक्षात यायला आणखी वर्षं गेली. टाटा इन्स्टिट्यूट, म्हणजे टीआयएफआर, १९४५ ची. परत यायचं ठरवलं की पुढे शिकवणं, किंवा सरकारी नोकरी, किंवा वकिली, एवढेच रस्ते होते.

तरी वेळेचा प्रश्न उरतोच. प्राचार्यपद, सोसायटीची कामं, निधी, मग १९१३ पासून मुंबईच्या कायदेमंडळात. गणिताला सलग तास लागतात, कोडिंगपेक्षा जास्त. ते त्यांच्याकडे राहिले नाहीत. सोसायटीने जगातला एक उत्तम गणिताचा विद्यार्थी मिळवला आणि त्याला ऑफिस सांभाळायला लावलं, हेही खरं आहे. चांगल्या प्रोग्रामरला प्रमोशन देऊन मॅनेजर करतात, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की त्यांना हे नकोसं होतं असं त्यांच्या आयुष्याकडे बघून अजिबात वाटत नाही.

दहा रुपये दंड

त्यांच्या प्राचार्यपदातला एक प्रसंग अनेकांना माहीत असतो. १९०५, वंगभंगाचा काळ. फर्ग्युसनच्या होस्टेलमध्ये विनायक दामोदर सावरकर नावाचा विद्यार्थी होता. त्याने पुण्यात परदेशी कपड्यांची होळी करण्यात पुढाकार घेतला. परांजप्यांनी त्याला दहा रुपये दंड केला आणि होस्टेलमधून काढलं. टिळकांनी 'केसरी'तून यावर सडकून टीका केली. म्हणजे बघा, कॉलेजचा पहिला गणिताचा मास्तर बाहेरून आजच्या गणिताच्या मास्तरला झोडपतोय.

परांजपे नेमस्त गटातले, गोखल्यांच्या वाटेवरचे. सरकारशी भांडण घेऊन कॉलेज धोक्यात घालायचं नाही, हा त्यांचा हिशेब. तो आपल्याला आज घाबरट वाटू शकतो, आणि दंडाचं समर्थन करायला मी काही बसलेलो नाही. पण त्यांना नुसतं साहेबधार्जिणं म्हणून सोडून देणं म्हणजे अर्धा माणूस बघणं. हा माणूस उघडपणे बुद्धिवादी होता. कर्मकांड, मुहूर्त, जातीची उतरंड, यावर तो आयुष्यभर बोलत आणि लिहीत राहिला, तेही पुण्यात. कर्व्यांनी १८९३ ला एका विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरूडने त्यांना वाळीत टाकलं होतं. अशा घरचा हा मुलगा.

१९१६ ला कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढलं, जे आज एसएनडीटी म्हणून ओळखलं जातं. मुलींना मातृभाषेतून कॉलेजचं शिक्षण. त्याचे पहिले कुलगुरू झाले परांजपे. १९२१ ला ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात, १९२३ ला, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची वाट मोकळी करणारा कायदा आला.

पुढची वर्षं पटापट सांगतो, कारण ती पदांची यादी आहे. लंडनला भारतमंत्र्यांच्या कौन्सिलवर, मग १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू, १९४२ ला सर ही पदवी, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर. ऐंशी वर्षांचे झाल्यावर १९५६ ला पुणे विद्यापीठाचे कुलगुरू, तेही तीन वर्षं. चौऱ्याऐंशीचे झाल्यावर इंग्रजीत आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच क्रिकेटच्या भाषेत, चौऱ्याऐंशीवर नाबाद. ६ मे १९६६ ला ते गेले.

घरात गणित राहिलं. मुलगी शकुंतला केंब्रिजलाच गणित शिकली, मग व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू' सिनेमात दिसली, मग आयुष्यभर कुटुंबनियोजनाचं काम केलं. 'चश्मे बद्दूर' आणि 'कथा'वाल्या सई परांजपे या शकुंतलाबाईंची मुलगी. आणि कर्व्यांचा मुलगा रघुनाथ धोंडो कर्वे, 'समाजस्वास्थ्य' मासिकवाला, तोही गणिताचाच प्राध्यापक. संततिनियमनावर बोलतो म्हणून त्याला कॉलेजची नोकरी सोडावी लागली. गणिताचे मास्तर समाजाच्या नाकाला मिरच्या झोंबवण्यात एवढे पुढे का होते, यावर कोणीतरी वेगळा लेख लिहायला पाहिजे.

त्या वर्गातून पुढे

फर्ग्युसनच्या गणितवर्गाकडे परत येऊ. टिळक, गोखले, कर्वे, परांजपे. नंतर ग. स. महाजनी, तेही केंब्रिजचे रँग्लर आणि फर्ग्युसनचे प्राचार्य. आणि १९३३ पासून बारा वर्षं दामोदर धर्मानंद कोसंबी. कोसंबींनी त्याच पदवीच्या वर्गांना शिकवत १९४३ ला एक पेपर छापला. त्यात मांडलेली कल्पना आज कारहुनेन-लोएव्ह या दोन नावांनी जास्त ओळखली जाते, पण कोसंबींचा पेपर त्या दोघांच्या आधीचा. म्हणून आता अनेक जण कोसंबींचं नावही त्यात जोडतात. कल्पना अशी: कितीही गुंतागुंतीचा सिग्नल असला तरी तो थोड्या मूळ आकारांची बेरीज म्हणून लिहायचा, आणि ते मूळ आकार असे निवडायचे की पहिल्या काहींमध्येच बहुतेक सगळी माहिती येईल. बाकीचे फेकून दिले तरी चालतं. मशीन लर्निंग शिकणाऱ्यांनी पीसीए ऐकलं असेल, ते याचंच भावंड. चेहरा ओळखणाऱ्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच होतं. म्हणजे शिकवणं आणि संशोधन एकत्र होऊ शकत होतं. त्याच इमारतीत, चाळीसएक वर्षांनी.

आणि एक विद्यार्थी. १९२७ ला फर्ग्युसनमध्ये शिकणाऱ्या एका मुलाला गणितातल्या स्वतंत्र कामासाठी बक्षीस मिळालं. बक्षिसाचं नाव रँग्लर र. पु. परांजपे गणित पारितोषिक. मुलाचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. त्याने पुढे एम.ए., पीएच.डी. काही केलं नाही. १९३० पासून देवळालीच्या शाळेत मास्तर, निवृत्त होईपर्यंत. आकड्यांशी खेळत बसायचा, आणि तिकडचे मोठे गणितज्ञ हा नुसता टाइमपास आहे म्हणायचे. १९७५ ला अमेरिकेत मार्टिन गार्डनरने आपल्या गाजलेल्या सदरात त्याच्यावर लिहिलं आणि नाव जगभर गेलं.

त्याचा ६१७४ तुमच्या फोनवर आत्ता करून बघता येतो. चार अंकी कुठलाही आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, ५४३२. चढत्या क्रमाने, २३४५. वजा करा, ३०८७. आता याच्यावर तेच. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. परत तेच. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. याच्यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहतो. कुठूनही सुरू करा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथे पोचता.

पायथॉनमध्ये हे दहा ओळींचं काम आहे. लिहून झालं की ९९९८ टाकून बघा. पहिल्या वजाबाकीत ९९९ येतो, आणि इथे बहुतेकांचा प्रोग्राम शून्यावर जाऊन अडकतो. पुढे शून्य लावून तो ०९९९ असा चार अंकी ठेवायचा, मग ९९९० वजा ०९९९, आणि एकूण पाचव्या पायरीला ६१७४.